छातीवर पदक, पोटास काय?

लढाई पेटली म्हणजे शेतकऱ्याच्या पोराची किंमत चढते आणि लढाई विझली म्हणजे ती उतरते, हा बाजारभाव सर्व देशांत सारखाच आहे. ज्या पोरास काल कोणी दारात उभे करीत नव्हते, त्याची आज मिरवणूक निघते. मोठमोठे साहेब लोक त्याचा हात हातात घेतात, आणि त्याच्या चित्राचे कागद भिंतीभिंतीवर चिकटविले जातात. मग तह होतो. हार सुकतात, कागद पावसाने गळून पडतात, आणि तोच मनुष्य पोटासाठी दारोदार हिंडू लागतो. पोळ्याच्या दिवशी आपण बैलाच्या शिंगांस बेगड लावतो, त्यास पुरणाचा घास देतो. पण निदान बाकीच्या दिवशीही त्यास वैरण टाकतो. शिपायास मात्र पोळ्याचा तेवढा घास मिळतो आणि वर्षाची वैरण विसरली जाते. 'गरज सरो नि वैद्य मरो' ही म्हण आपल्या वाडवडिलांनी असल्याच अनुभवावरून केली असली पाहिजे.

आज आम्ही वाचकांपुढे एका परदेशी पोलिस शिपायाची हकीकत मांडणार आहो. कोणी म्हणेल, आयर्लंडातल्या माणसाशी आमच्या नांगरास व भात्यास काय कर्तव्य? कर्तव्य आहे. हा मनुष्य आपल्यासारख्याच कुळवाडी घरातला होता. त्याच्याही देशावर तेव्हा इंग्रजांचे राज्य होते. त्याच्याही बापाने पिढ्यान्‌पिढ्या जमीनदारांचा जाच ऐकला-पाहिला होता, आणि त्याच्याही गावची पोरे पोटासाठी पलटणीत, पोलिसात नाही तर समुद्रापलीकडे जात होती. ज्या घरातून आज एखादे पोर भरतीच्या मैदानावर पहाटे धावावयास जाते, त्या घराने ही हकीकत शेवटपर्यंत वाचावी, एवढीच आमची विनंती आहे.

मायकेल ओलिअरी याचा जन्म १८९० साली आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात, मॅक्रूम गावाजवळच्या इंचिजीला या खेड्यात झाला. आईबाप शेतीवर पोट भरणारे होते. बाप आपल्या देशाचा कट्टर अभिमानी होता. पोरगा सोळाव्या वर्षी आरमारात भरती झाला. परंतु गुडघ्यांस संधिवात जडला म्हणून ती नोकरी सुटली. दुखणे थोडे हटताच तो आयरिश गार्ड्स नावाच्या पलटणीत शिरला व तेथे सुमारे तीन वर्षे काढून १९१३ साली कानडा देशात गेला. तेथे सास्काचेवान प्रांताच्या अफाट गव्हाळ रानात घोड्यावरून गस्त घालणारे सरकारी पोलिस असत. त्यांस रॉयल नॉर्थ-वेस्ट माउंटेड पोलिस म्हणत. त्यांत तो शिपाई झाला. एकदा दोन गुन्हेगारांशी बराच वेळ बंदुकीची झटापट करून त्याने त्यांस पकडले, तेव्हा खात्याने त्यास सोन्याची अंगठी बक्षीस दिली. सारांश, चोविसाव्या वर्षाच्या आत या गड्याने आरमार, पलटण व पोलिस अशा तीन ठिकाणी नोकरी केली. हौस म्हणून एवढे कोणी भटकत नाही. लहानशा शेतावर सगळ्यांचे पोट भरत नाही, म्हणून घरातली पोरे बाहेर पडतात. हे आपल्या माण-खटावच्या किंवा संगमनेरच्या शेतकऱ्यास निराळे सांगावयास नको.

१९१४ च्या ऑगस्टात युरोपात लढाई जुंपली. ओलिअरी पलटणीच्या राखीव यादीवर होता. पोलिस खात्याने त्यास जाण्याची परवानगी दिली व तो समुद्र ओलांडून आपल्या जुन्या पलटणीत हजर झाला. नोव्हेंबरच्या अखेरीस तो फ्रान्समध्ये होता. त्याच सुमारास आपली माणसेही तेथेच होती, हे पुष्कळांस ठाऊक नसते. मुंबई इलाख्याच्या सॅपर्स अँड मायनर्स पलटणीच्या विसाव्या व एकविसाव्या कंपन्या १९१४ च्या ऑक्टोबर अखेरीस न्यव्ह शापेल या गावी गल्लोगल्ली लढल्या, आणि त्यांत मराठे शिपाईही होते. ओलिअरीने नाव काढले ते क्विंची गाव तेथून काही मैलांवरच आहे. त्या हिवाळ्यात त्या चिखलात कॉर्कचा कुणबी आणि आपल्या इकडचा कुणबी शेजारीशेजारीच भिजत होते.

क्विंचीजवळ ला बासे नावाचा कालवा आहे, त्याच्या कडेने रेल्वेचा बांध आहे, आणि विटांच्या भट्ट्यांचे ढीग आहेत. १ फेब्रुवारी १९१५ च्या पहाटे जर्मनांनी कालव्याच्या काठची एक मोक्याची जागा इंग्रजांच्या कोल्डस्ट्रीम पलटणीकडून हिसकावून घेतली. अंधारात केलेला पहिला उलट हल्ला फसला. सकाळी दहाच्या पुढे तोफांचा मारा करून पुन्हा माणसे सोडण्यात आली. पुढे संगिनी घेतलेले कोल्डस्ट्रीमचे लोक होते आणि मागून आयरिश गार्ड्सची लहानशी तुकडी होती. ओलिअरी आपल्या लोकांच्या पुढे पळाला. रेल्वेच्या बांधावर चढून त्याने पहिल्या अडसरामागचे पाच शत्रू बंदुकीने टिपले. पुढे सुमारे साठ यार्डांवर दुसरा अडसर होता व तेथे मशीनगन रोखलेली होती. ती गन वळण्याच्या आत हा तेथे पोहोचला, तिच्यावरचे तिघे त्याने पाडले, आणि उरलेले दोघे त्यास शरण आले. जागा हातात आली व पाठीमागच्या पुष्कळ माणसांचे प्राण वाचले. त्या वेळी तो लान्स कॉर्पोरल होता. तीन दिवसांनी तो सार्जंट झाला. त्याच महिन्यात त्यास व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. इंग्रजी राज्यात याहून मोठे शौर्यपदक नव्हते.

आता खरी गंमत पुढेच आहे. त्या वेळी सैन्यात सक्ती नव्हती. पुढे १९१६ साली इंग्लंडात सक्तीची भरती आली, तरी आयर्लंडात ती बसविण्याची सरकारची छाती झाली नाही. तेव्हा माणसे हवीत तर ती मन वळवूनच मिळणार होती. हात जोडून बोलवावयाचे तर पुढे करण्यास एक चेहरा पाहिजे. ओलिअरीचा चेहरा आयताच सापडला. त्याच्या चित्राचे भरतीचे जाहिरात-कागद छापण्यात आले. एका आयरिश गड्याने दहा जर्मनांस लोळविले, तुम्हांस त्याच्यासारखे व्हावेसे वाटत नाही काय, असा त्यांचा मतलब होता. १९१५ च्या जून महिन्यात राजाने आपल्या हाताने त्याच्या छातीवर पदक लाविले. जुलैत लंडनच्या हाइड पार्कात हजारो लोक त्यास पाहावयास लोटले. मग त्यास गावोगाव फिरविण्यात आले आणि ऑक्टोबरात त्यास कनॉट रेंजर्स पलटणीत साहेबाचा हुद्दा मिळाला. परंतु त्या मिरवणुकीतही आयर्लंडच्या उत्तर भागातील काही राजनिष्ठ म्हणविणाऱ्या मंडळींनी त्याची हुर्यो केली आणि त्याबद्दल पार्लमेंटात सवाल झाला. राज्यासाठी रक्त सांडूनही हा मनुष्य काहींच्या दृष्टीने परकाच राहिला होता.

त्याच्या बापाचीही एक गोष्ट सांगतात. म्हाताऱ्यास भरतीच्या सभेत बोलावयास उभे केले. तो म्हणाला, पोरांनो, भरती व्हा. नाही तर इंग्रजांनी सातशे वर्षे आपले जे केले ते जर्मन येऊन करतील! त्यानंतर त्यास पुन्हा कोणी सभेस बोलाविले नाही म्हणतात. गोष्ट तंतोतंत अशीच घडली असो वा लोकांनी तीस मीठमिरची लाविली असो, तिच्यातले मर्म कोणाही कुणब्यास कळेल. बर्नार्ड शॉ या प्रसिद्ध आयरिश नाटककाराने याच ओलिअरीवरून सुचून 'ओफ्लॅहर्टी व्ही. सी.' हे छोटे नाटक लिहिले. १९१५ साली डब्लिनच्या ॲबी नाटकगृहात ते व्हावयाचे होते. पण अधिकाऱ्यांची मर्जी दिसेना म्हणून ते राहिले. शिपायाचे चित्र भिंतीवर चालते. शिपायाच्या तोंडी खरे बोलणे घातले की ते चालत नाही.

पुढे ओलिअरी सालोनिकाच्या आघाडीवर गेला. ग्रीस देशाच्या उत्तरेस दलदलीचा मुलूख आहे. तेथे गोळीने मेले त्यापेक्षा कितीतरी अधिक शिपाई हिवतापाने लोळविले. हा हिवताप आपल्या घरोघरचा ओळखीचा पाहुणा आहे. त्याच्या एका जातीचे बीज माणसाच्या यकृतात दडून बसते व ताप गेला असे वाटल्यावर कित्येक महिन्यांनी, कधी वर्षांनी पुन्हा उठते. ओलिअरीस तो जडला आणि जन्मभर पुरला. गोळीची जखम दिसते, तिच्यावर पट्टी बांधता येते, तिच्याबद्दल पेन्शन मागता येते. पण अंगात मुरलेला ताप कोणास दाखवावयाचा? धडधाकट दिसणारा माणूस एकाएकी पांघरूण घेऊन कुडकुडू लागला म्हणजे मालक म्हणतो, हा कामाचा नाही.

लढाई संपली तेव्हा घरही पूर्वीचे राहिले नव्हते. १९१६ च्या एप्रिलात डब्लिनात उठाव झाला, त्याच्या पुढाऱ्यांस गोळ्या घातल्या गेल्या आणि साऱ्या देशाचे मन फिरले. १९१९ पासून इंग्रज सरकारशी आयरिश लोकांची उघड लढाई जुंपली. ज्या कनॉट रेंजर्स पलटणीत ओलिअरी साहेब झाला होता, त्याच पलटणीच्या हिंदुस्थानात असलेल्या शिपायांनी १९२० च्या जूनमध्ये जालंदर येथे, आपल्या घरी चाललेल्या जुलमाच्या निषेधार्थ, बंदुका खाली ठेविल्या. त्यांच्यापैकी जेम्स डाली या तरुणास नोव्हेंबरात डगशाई येथे गोळी घालून मारण्यात आले. १९२२ साली ती पलटणच मोडण्यात आली. अशा स्थितीत इंग्रज राजाचे पदक छातीवर असलेल्या माणसाने कॉर्कच्या खेड्यात जाऊन काय करावे? गावास तो सरकारचा वाटणार, आणि सरकारास त्याची गरज उरलेली नाही. घरही गेले आणि घाटही गेला.

१९२१ साली बायको व मुलांस मागे ठेवून तो पुन्हा कानडात गेला. आपल्या जुन्या घोडेस्वार पोलिसांत पुन्हा जावे असा त्याचा मनोदय होता असे सांगतात. परंतु ते जुने दल त्या नावाने उरले नव्हते. १९२० च्या फेब्रुवारीत दुसरे दल त्यात मिळवून त्यास नवे नाव व नवी रचना देण्यात आली होती. मिळाली ती ऑन्टारियो प्रांताच्या पोलिसांतील नोकरी. तेथे तेव्हा दारूबंदीचा कायदा चालू होता आणि तो अमलात आणण्याचे काम त्याच्याकडे आले. हे काम कसे असते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस ठाऊक आहे. चोरून दारू विकणाऱ्यांचे हात लांबवर पोहोचलेले असतात, कायदा लोकांस नकोसा असतो, आणि प्रामाणिक शिपायाचे दोन्हींकडून वैर होते. १९२४ साली ती नोकरी सोडून तो मिशिगन सेंट्रल रेल्वेच्या पोलिसांत सार्जंट झाला. त्याचे ठाणे अगदी सरहद्दीवर होते. नदी ओलांडली की अमेरिकेचे बफेलो शहर. बायकामुलेही येऊन मिळाली. आता संसार थाऱ्यास लागेल असे वाटले.

परंतु १९२५ साली, परदेशी माणसे चोरून सरहद्दीपार केल्याचा आळ त्याच्यावर आला. ज्याच्या छातीवर राजाने पदक लाविले तो काही दिवस कोठडीत बसला. खटला चालला व तो निर्दोष सुटला. पण नोकरी गेली ती गेलीच. कोर्टाने निर्दोष म्हटले तरी पोटाचे कोर्ट निराळे असते. तेथे एकदा शिक्का बसला की अपील नाही. कित्येक महिने तो बेकार राहिला. अखेर हॅमिल्टन शहराच्या अधिकाऱ्यांनी कुटुंबास मायदेशी परतण्याच्या भाड्यापुरते पैसे उसने दिले. वाचकहो, हा शब्द नीट पाहा: उसने! दहा वर्षांपूर्वी ज्याचे नाव घेऊन पलटणी भरल्या, त्याची बायकामुले कर्जाच्या पैशाने घरी गेली.

पुढे १९३२ च्या सुमारास, माजी शिपायांच्या ब्रिटिश लीजन या संस्थेच्या मदतीने, ओलिअरी लंडनास आला. लढाईतल्या मृतांच्या स्मरणार्थ ही संस्था दरसाल खसखशीच्या जातीची लाल फुले विकते. ती फुले जखमी व बेकार शिपायांकडून करवून घेण्याचा तिचा कारखाना होता. तेथे तो बांधाबांधीच्या कामावर राहिला. मग एका बड्या हॉटेलात दाराशी उभा राहणारा दरवान झाला. व्हिक्टोरिया क्रॉसवाला दरवान दारात असणे ही हॉटेलची शोभा. १९१५ साली त्याचा चेहरा सरकारच्या उपयोगी पडला, १९३२ साली हॉटेलच्या. प्रामाणिक काम कोणतेही हलके नसते, दारात उभे राहणे तर नाहीच. आम्हांस खंत वाटते ती याची की सतरा वर्षांत या माणसास त्याच्या अंगच्या गुणांस साजेसे व टिकणारे एकही काम कोणी देऊ शकले नाही.

१९३९ साली पुन्हा लढाई पेटली आणि पुन्हा त्याची आठवण झाली. पन्नाशीला टेकलेला हा मनुष्य मिडलसेक्स पलटणीत कॅप्टन म्हणून फ्रान्सला गेला. जुना हिवताप पुन्हा उठला व १९४० च्या मोठ्या रणकंदनाआधीच त्यास माघारी पाठवावे लागले. तरी तो घरी बसला नाही. दक्षिण इंग्लंडात कैद्यांच्या छावणीवर त्याने काम केले. १९४५ साली प्रकृती नालायक ठरून तो सुटला. मग १९५४ पर्यंत इमारतीच्या कंत्राटदारीवर पोट भरले, आणि २ ऑगस्ट १९६१ रोजी लंडनच्या एका इस्पितळात सत्तराव्या वर्षी देह ठेविला. त्याची पदके आज त्याच्या पलटणीच्या संग्रहात जपून ठेविली आहेत. जपणूक पदकांच्या वाट्यास आली.

आता या हकीकतीचा हिशेब करू. व्हिक्टोरिया क्रॉस सोन्याचा नव्हे. तो ओतीव कांशाचा असतो. आपल्या तांबट-कासार बंधूंनी तो तराजूत घातला तर धातूची किंमत चार आण्याच्या मोडीतच करतील. त्या पदकाबरोबर साध्या शिपायास वर्षास दहा पौंड मिळावे असे १८५६ साली ठरले, आणि शंभर वर्षांवर ती मूळ रक्कम दहाची दहाच राहिली. अगदी अडलेल्यास विनंती केल्यावर थोडे अधिक देण्याची सोय होती इतकेच. १९५९ साली ती शंभर पौंड झाली, तेव्हा ओलिअरीच्या आयुष्याची दोन वर्षे उरली होती. भाकरीचा भाव या शंभर वर्षांत किती वेळा चढला याचा हिशेब मात्र सरकारी वहीत घेतला गेला नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, ओलिअरीस साहेबाचा हुद्दा मिळाला, मानमरातब मिळाला. लाखो शिपाई तर बेनाव मेले. मग याच्याबद्दल रडण्याचे कारण काय? आमचे उत्तर असे की, म्हणूनच ही हकीकत सांगावयाची. ज्याचा चेहरा देशभर भिंतीवर होता त्याची ही गत, तर ज्याचा चेहरा त्याच्या आईखेरीज कोणी पाहिला नाही त्याची काय झाली असेल? सहाव्या पुणे डिव्हिजनमधील १०३, ११० व ११७ या मराठे पलटणी मेसोपोटेमियात कूट-अल-अमारा येथे कोंडल्या गेल्या, २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने शरण गेल्या, आणि पुढच्या कैदेत व वाळवंटातल्या पायपिटीत त्यांतील कित्येक शिपाई नाहीसे झाले. त्यांच्यातला जो परत आला त्याचा ताप, त्याची हगवण, त्याची रात्रीची ओरड कोणत्या कागदावर चढली?

दुसरा आक्षेप असा की, कोणी बळजबरी केली नव्हती. तो आपखुशीने गेला, पगार घेतला, व्यवहार संपला. हे बोलणे सावकाराच्या ओट्यावरचे आहे. भरतीच्या सभेत जे बोलले जाते तो एक करारच असतो: तू पुढे हो, आम्ही तुझ्या पाठीशी आहो. पण सावकाराचा करार लेखी असतो, त्यावर अंगठा असतो, साक्षीदार असतात. आणि सरकारचा हा करार तोंडी असतो. म्हणून सावकार आपले पैसे वसूल करतो आणि शिपाई करू शकत नाही. ओलिअरीस कोणी दुष्टपणाने बुडविले असे आम्ही म्हणत नाही. हॅमिल्टनच्या अधिकाऱ्यांनी भाडे उसने दिले, लीजनने काम दिले. शेजारधर्म म्हणून ते चांगलेच झाले. परंतु शेजारधर्म निराळा व हक्क निराळा. उपकार देणाऱ्याच्या मर्जीवर असतो. त्याच्यापुढे माणसास मान खाली घालून उभे राहावे लागते. हक्क कागदावर असतो व तो ताठ मानेने मागता येतो. कौतुक तोंडी असते, हक्क लेखी असतो. आमच्या घरांनी ही एवढी गाठ पदरास मारून ठेवावी.

आपल्याकडील माणसे पराक्रमात कोणास हार गेली नाहीत. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावास तर 'मिलिटरी अपशिंगे' हेच नाव पडले आहे. माणगाव तालुक्यातील यशवंत घाडगे इटलीत १० जुलै १९४४ रोजी एकटे मशीनगनवर धावून गेले व तेथेच पडले. नगर जिल्ह्यातील नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी गोळ्यांच्या वर्षावात दोन जखमी सोबत्यांस पाठीवरून सुखरूप आणले व मग शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यांची तोंडे बंद केली. दोघांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हा इतिहास आपण सभेत सांगतो, पोवाड्यात गातो. सांगावा, गावाही. पण पोवाडा संपल्यावर शिपायाच्या घरच्या चुलीकडेही एकदा पाहावे.

आणि ही गोष्ट जुन्या लढाईची म्हणून सोडून देता येणार नाही. जून २०२२ मध्ये हिंदुस्थान सरकारने अग्निपथ योजना जाहीर केली. तिच्याप्रमाणे पोर चार वर्षांकरिता घ्यावयाचे. चौघांपैकी जास्तीत जास्त एकास कायम ठेवावयाचे. बाकीच्या तिघांस सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांचा निधी देऊन घरी पाठवावयाचे, ज्यात निम्मा वाटा त्याच्याच पगारातून कापलेला असतो. त्यास पेन्शन नाही. २०२३ च्या आरंभी शिक्षणास गेलेल्या पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस भरतात. केंद्राच्या सशस्त्र पोलिस दलांत त्यांच्यासाठी शेकडा दहा जागा राखण्याचे जाहीर झाले, हे ठीक झाले. पण जागा राखणे आणि जागा भरणे यांत किती अंतर असते हे आमच्या लोकांस निराळे सांगावयास नको. नोकरीमुळे अपंगत्व आले तर शंभर, पंचाहत्तर व पन्नास टक्क्यांस अनुक्रमे ४४, २५ व १५ लाख रुपये एकरकमी, असे योजनेचे कोष्टक जाहीर झाले. त्या कोष्टकात पन्नासाच्या खाली रकाना नाही. ओलिअरीचा हिवताप किती टक्के धरला असता? बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी घरी परतलेल्या पोराचा मोडका गुडघा किती टक्के धरला जाईल? हा प्रश्न ज्या घरातून पोर गेले आहे त्या घराने आजच विचारावा.

पोरांनी भरती होऊ नये असे आमचे मत नाही. देशाचे रक्षण करणे हे मानाचे काम आहे आणि कोरडवाहू शेतीवर चार भावांचे भागत नाही हेही खरे आहे. आमचे सांगणे एवढेच की, जावयाचे तर डोळे उघडे ठेवून जावे, आणि परत आल्यावर हात पसरावे लागू नयेत अशी तजवीज जातानाच करावी. त्यासाठी सरकाराकडे आमच्या तीन मागण्या आहेत. पहिली, जो शिपाई वा पोलिस नोकरीत दुखणे घेऊन परत येईल त्याच्या दुखण्याची, मग ते जखमेचे असो, तापाचे असो वा मनाचे असो, पुन्हा पुन्हा तपासणी व्हावी. सुटण्याच्या दिवशी जे लिहिले तेच जन्माचे प्रमाण मानू नये. दुसरी, जो आरोपातून निर्दोष सुटेल त्यास त्याची जागा व मधला पगार आपोआप मिळावा; त्यासाठी गरिबास वकिलाची पायरी पुन्हा चढावयास लावू नये. तिसरी, चार वर्षांनी परतणाऱ्या पोरांस पोलिसात व इतर खात्यांत किती जागा प्रत्यक्ष दिल्या याचा आकडा दरसाल जिल्हावार छापून प्रसिद्ध करावा.

आणि घरांकडेही आमचे मागणे आहे. पोर भरती झाल्या दिवसापासून त्याच्या नावाची एक पिशवी घरात करावी व तीत भरतीचा हुकूम, दवाखान्यातील प्रत्येक चिठ्ठी, वैद्यकीय मंडळाचा निकाल, पगाराच्या व विम्याच्या पावत्या, आणि सुटतानाचे पुस्तक हे सर्व जपून ठेवावे. पोर दुखण्यातून उठले म्हणून दवाखान्याचा कागद फेकून देऊ नये. नोकरीमुळे दुखणे आले किंवा वाढले एवढे सिद्ध करण्यावरच अपंगत्वाच्या पेन्शनचा निकाल लागतो आणि ते सिद्ध करणारा कागद पुष्कळदा तेवढा एकच असतो. वारसाचे नाव बरोबर चढले आहे की नाही हे आईने वा बायकोने स्वतः पाहावे. तीस वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्यावे. प्रत्येक जिल्ह्यास सैनिक कल्याण कार्यालय आहे. तेथे जाण्यास लाजू नये. तेथे जे मागावयाचे ते आपले आहे, दान नव्हे.

गावाचेही काम आहे. दरसाल एका ग्रामसभेत आपल्या गावातून किती पोरे पलटणीत व पोलिसात गेली, किती परतली, कोण आजारी आहे, कोण बेकार आहे, कोणाचा अर्ज कोणत्या कचेरीत किती दिवस पडला आहे याची यादी वाचावी व तिची नक्कल तहसिलीत द्यावी. एकट्या विधवेचा अर्ज टेबलावर वर्षभर झोपतो. साऱ्या गावाच्या सहीचा अर्ज झोपत नाही. ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा डबा फिरतो तेव्हा त्यात यथाशक्ति टाकावेच, पण त्याच दिवशी गावातल्या माजी शिपायाच्या घरी जाऊन, बाबा, तुझे काय अडले आहे, असे विचारावे. ओलिअरीच्या पदरी सर्वांत मोठे पदक होते. हे विचारणारे गाव नव्हते. आपल्या पोरांच्या बाबतीत तसे होऊ देऊ नये.